वाक काढण्याची विद्या : बैलगाडीच्या धावेपासून मोटारीच्या नमुन्यापर्यंत

सुट्या प्लॅस्टिक भागांतून जोडायच्या मोटारीच्या नमुन्याला छंदातले लोक ‘मॉडेल किट’ किंवा नुसते ‘किट’ म्हणतात. अशा किटमधल्या भागांना वाक येणे हा त्या छंदाइतकाच जुना दोष आहे. बॉडीचे छत मध्येच खाली बसते, चेसिसची दोन टोके वर उचलली जातात, बंपरला पीळ पडतो. भाग तुटलेला नसतो, त्यातले काही हरवलेलेही नसते. तरी बॉनेट जागेवर बसत नाही आणि चारही चाके एकाच वेळी टेबलाला टेकत नाहीत.

मोटारींचे बहुतेक किट १:२४ किंवा १:२५ या प्रमाणात असतात. या प्रमाणाचा अंदाज रेल्वेच्या रुळांवरून येतो. परभणी जिल्ह्यातल्या पूर्णा जंक्शनवर शंभराच्या आसपास वर्षे मीटर गेज होता, म्हणजे दोन रुळांमध्ये एक मीटर अंतर. १:२५ च्या प्रमाणात हे अंतर ४० मिलिमीटर होते. याच प्रमाणात एक मिलिमीटरचा वाक खऱ्या मोटारीवर २५ मिलिमीटरचा, म्हणजे जवळजवळ एका इंचाचा ठरतो. रुळांच्या अंतरात एवढी तफावत रूळ सांभाळणाऱ्या कोणत्याही गँगच्या मुकादमाने चालू दिली नसती. किट जोडणाऱ्याच्या नजरेला एक मिलिमीटर खुपतो तो याच कारणाने.

वाक काढण्याची विद्या प्लॅस्टिकबरोबर जन्मलेली नाही. पूर्णा आणि गोदावरी या नद्यांच्या संगमाजवळच्या या मुलखात ती लाकूड, लोखंड आणि लाख यांच्यावर पिढ्यान् पिढ्या चालत आली. तिचे सर्वांत मोठे प्रात्यक्षिक बैलगाडीच्या चाकावर होत असे. सुतार बाभळीच्या लाकडाचा तुंबा, आरे आणि पाट्या जोडून चाक उभे करी आणि लोहार त्यावर लोखंडी धाव चढवी. धावेचा घेर चाकाच्या घेरापेक्षा मुद्दाम थोडा कमी ठेवलेला असे. गोवऱ्यांच्या गोल आगीत धाव लाल होईपर्यंत तापवायची, चिमट्यांनी उचलून चाकावर बसवायची, घणाचे ठोके द्यायचे आणि लगेच पाणी ओतायचे. चाकाचा घेर साडेचार मीटर धरला, तर सहाशे अंशांनी तापलेली धाव सुमारे तीन सेंटीमीटर लांबते. थंड होताना तेवढीच आवळते आणि सैल आरे, वाकड्या पाट्या एका वर्तुळात ओढून घेते. जोर लोहाराच्या दंडाचा कमी आणि निवणाऱ्या लोखंडाचा जास्त. आधी तापवायचे, आकारात धरायचे आणि धरूनच निववायचे, हा क्रम पुढे प्लॅस्टिकलाही जसाच्या तसा लागू पडला.

चाकाचे दुसरे दुखणेही येथे सांगण्यासारखे आहे. उन्हाळ्यात लाकूड सुकून आकसते आणि धाव खुळखुळू लागते. मग चाके पाण्यात भिजत घालायची. लाकूड फुगते आणि धाव पुन्हा घट्ट बसते. लाकूड हवेतला ओलावा घेते आणि सोडते, त्यामुळे त्याचा आकार ऋतूंप्रमाणे हलतो. सुरुवातीच्या काळातले मॉडेल-प्लॅस्टिक नेमके याच स्वभावाचे निघाले, कारण तेही वनस्पतीच्या तंतूपासूनच बनलेले होते.

रेल्वे आली आणि लोखंडाच्या वाकाची मोजमाप असलेली समज येथे आली. निजामाच्या गॅरंटीड स्टेट रेल्वेने सिकंदराबाद ते मनमाड हा हैदराबाद–गोदावरी व्हॅली मार्ग १९ व्या शतकाच्या अखेरीस बांधायला घेतला आणि २० वे शतक उजाडता उजाडता तो पूर्ण केला. १९१२ मध्ये पूर्ण्याहून हिंगोलीकडे फाटा निघाला आणि पूर्णा जंक्शन झाले. तापमान ३० अंशांनी वाढले, की १३ मीटर लांबीचा पोलादी रूळ जवळजवळ पाच मिलिमीटर लांबतो. म्हणून सांध्यांत फट सोडलेली असते. फट बुजली आणि रुळाला पुढे सरकायला जागा उरली नाही, तर तो आडवा फुगतो. वाक येण्याचे हे सर्वांत स्वच्छ उदाहरण आहे : पदार्थाला हलायचे असते, पण त्याला हलू दिले जात नाही. वाकलेला रूळ सरळ करायला गँगच्या हत्यारांत ‘जिम क्रो’ नावाचा स्क्रूचा शिकंजा असतो. त्याचे दोन आकडे रुळाला धरतात आणि मधला स्क्रू उलट बाजूने दाबतो. पोलाद दाब सुटला की थोडे मागे येते, म्हणून त्याला सरळ रेषेच्या किंचित पलीकडे न्यावे लागते. किट जोडणारा चिमुकल्या बंपरवर हेच करतो, फक्त त्याचा शिकंजा दोन बोटांचा असतो.

प्लॅस्टिकचा खरा पूर्वज मात्र लाख. उष्णतेने मऊ होणारा, हव्या त्या आकारात दाबता येणारा आणि निवला की कडक होणारा हा पदार्थ मराठी घरात कायम होता. विळ्याची किंवा सुरीची मूठ लाखेने बसवली जाई, सोनार पोकळ दागिन्यात लाख भरी. १९४८ पर्यंत पूर्णा हैदराबाद संस्थानात होते, आणि रेल्वेच्या दुसऱ्या टोकाला, चारमिनारशेजारच्या लाड बाजारात, लाखेच्या बांगड्यांचे कारागीर निखाऱ्यावर लाख मऊ करून ती लाकडी दांड्यावर गोल करीत. आजही करतात. बांगडीचा गोल बिघडला तर ती फेकायची नसते. पुन्हा शेकून दांड्यावर चढवली की ती वळणावर येते.

लाखेचीच दुसरी वस्तू मराठवाड्याच्या उन्हात वाकून त्रास देई, ती म्हणजे ७८ फेऱ्यांची ग्रामोफोनची तबकडी. लाख आणि दगडाची भुकटी यांच्या मिश्रणातून बनलेली ही तबकडी खिडकीशी उन्हात राहिली किंवा तिरकी उभी ठेवली, की बशीसारखी होते. बालगंधर्वांचे पद मग सुईबरोबर वर-खाली हेलकावे खात ऐकावे लागते. त्यावर संग्राहकांनी काढलेला इलाज साधा आहे. तबकडी दोन जाड सपाट काचांमध्ये ठेवायची, काचा उन्हात ठेवायच्या, तबकडी मऊ होऊन सपाट झाली की सावलीत आणायच्या आणि पूर्ण निवेपर्यंत वरची काच उचलायची नाही. वाकलेली चेसिस काचेवर बांधून सरळ करण्याची रीत हीच आहे. ही रीत किटच्या आधीची आहे, आणि लाख ही या देशाचीच पैदास आहे, हे नोंदवून ठेवण्याजोगे आहे.

माणसाने बनवलेले पहिले यशस्वी प्लॅस्टिक कापूस आणि कापूर यांतून निघाले. अलेक्झांडर पार्क्स यांनी १८६२ मध्ये लंडनच्या प्रदर्शनात ‘पार्केसाइन’ मांडले आणि जॉन वेस्ली हायट यांनी १८७० च्या सुमारास अमेरिकेत त्यातून सेल्युलॉइड घडवले. आम्लात मुरवलेला कापूस आणि त्याला मऊपणा देणारा कापूर, एवढाच त्याचा गाभा. टेबल टेनिसचा चेंडू अनेक दशके याच सेल्युलॉइडचा असे. चेपलेला चेंडू गरम पाण्यात टाकला की टुणकन गोल होतो, हे शाळकरी मुलांनाही माहीत असते. आतली हवा फुगते आणि मऊ झालेले कवच पुन्हा बाहेर ढकलले जाते. पण सेल्युलॉइड भडकन पेटते. म्हणून त्याच कुळातले, कमी जळणारे सेल्युलोज ॲसिटेट पुढे आले. तेही सरकीवरच्या आखूड लवेपासून किंवा लाकडाच्या लगद्यापासून बनते.

प्लॅस्टिक किटचा इतिहास या ॲसिटेटपासून सुरू होतो आणि वाकाचा इतिहासही तेथूनच. इंग्लंडमध्ये ‘फ्रॉग’ या नावाने खेळणी काढणाऱ्या कंपनीने १९३६ च्या अखेरीस ‘पेंग्विन’ मालिका बाजारात आणली. ती १:७२ प्रमाणातली विमाने होती आणि जगातली पहिली प्लॅस्टिक किटे म्हणून ती ओळखली जातात. त्यांचे जे नमुने आज उरले आहेत, त्यांत पंखांना वाक आणि पीळ सर्रास दिसतो. मोटारींच्या बाबतीत हेच अमेरिकेत घडले. १९४८ मध्ये मिशिगन राज्यातल्या ट्रॉय गावी सुरू झालेली एएमटी ही कंपनी नव्या मोटारींचे छोटे नमुने विक्रेत्यांसाठी बनवी. ग्राहकाला रंग आणि आकार दाखवायला ते दुकानाच्या काउंटरवर ठेवले जात. पहिला नमुना ॲल्युमिनियमचा होता, कंपनीचे नावही ‘ॲल्युमिनियम मॉडेल टॉइज’ याचेच आद्याक्षरी रूप. लवकरच ॲल्युमिनियम मागे पडले आणि ॲसिटेट आले. १९५० च्या दशकातले हे ॲसिटेटचे नमुने आज संग्राहकांच्या कपाटात छत बसलेले, दरवाजे फुगलेले आणि पुढचे टोक वर गेलेले असे आढळतात.

याचे कारण पदार्थाच्या आत आहे. ॲसिटेट स्वभावतः ठिसूळ असते. त्याला चिवटपणा यावा म्हणून त्यात तेलकट द्रव्य मिसळतात, त्याला प्लॅस्टिसायझर म्हणतात. हे द्रव्य वर्षानुवर्षे हळूहळू उडून किंवा पाझरून जाते आणि भाग आकसतो. पातळ जागी तो लवकर आकसतो, जाड जागी उशिरा, आणि या ओढाताणीत वाक येतो. शिवाय ॲसिटेट बैलगाडीच्या चाकासारखे ओलावा घेते आणि सोडते. जून-जुलैत फुगायचे आणि एप्रिल-मेमध्ये सुकायचे, असे हवामान त्याला विशेष बाधते. असा भाग गरम करून सरळ करता येतो, पण जे द्रव्य निघून गेले ते परत येत नाही, म्हणून वाक काही महिन्यांत पुन्हा डोके वर काढतो. ॲसिटेटला बरे करता येत नाही. त्याचे बिघडणे थंड, कोरड्या जागी ठेवून लांबवता येते, एवढेच. ॲसिटेटच्या फितीवरच्या चित्रपटांच्या बाबतीत जगातल्या साऱ्या चित्रपट संग्रहालयांना याच दुखण्याशी झुंजावे लागते. फीत आकसते, कडा वळतात आणि डबा उघडला की व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो. काउंटरवरची मोटार आणि जुना चित्रपट एकाच व्याधीने वाकतात.

यातून सुटका केली ती पॉलिस्टायरिनने. जर्मनीत १९३० च्या सुमारास त्याचे कारखान्यातले उत्पादन सुरू झाले आणि दुसऱ्या महायुद्धानंतर ते स्वस्त झाले. ते पाणी जवळजवळ घेतच नाही आणि आत प्लॅस्टिसायझर नसल्यामुळे काळाबरोबर आकसत नाही. कॅलिफोर्नियातल्या रेव्हेल कंपनीने १९५१ मध्ये ‘हायवे पायोनियर्स’ या नावाने जुन्या मोटारींची पॉलिस्टायरिन किटे काढली आणि मोटार घरी जोडायचा छंद घरोघरी पोचला. एएमटीने १९५८ मध्ये एकाच डब्यातून तीन प्रकारे जोडता येणारी किटे आणली आणि काही वर्षांत काउंटरवरचे नमुनेही पॉलिस्टायरिनमध्ये काढायला सुरुवात केली. जपानमध्ये शिझुओका येथे १९४६ मध्ये लाकडाच्या वखारीचा धंदा म्हणून सुरू झालेली तामिया कंपनी आधी लाकडी नमुन्यांकडे आणि १९६० पासून प्लॅस्टिककडे वळली. साच्याच्या बारकाईत ती पुढे सर्वांना मागे टाकून गेली. लाकडाचा स्वभाव ओळखणाऱ्या घराने प्लॅस्टिक इतके नेमके हाताळावे, यात नवल नाही.

भारतात पॉलिस्टायरिन पहिल्यांदा बनले ते महाराष्ट्रात. मुंबईच्या चेंबूर भागात पॉलिकेम कंपनीने १९५७ मध्ये हा कारखाना सुरू केला. १९९० च्या दशकात रायगड जिल्ह्यातील नागोठणे येथे सुप्रीम पेट्रोकेमचा मोठा कारखाना उभा राहिला. कंगवे, पेनांची टोपणे, कॅसेटचे डबे, फ्रिजचे आतले पत्रे अशा वस्तूंतून हा पदार्थ मराठवाड्याच्या प्रत्येक बाजारपेठेत पोचला. किट मात्र पोचले नाही. मराठी मुलांची नमुना-कला दिवाळीच्या मातीच्या किल्ल्यात आणि पोळ्याच्या मातीच्या बैलात होती. मोटारींची किटे आयात-बंदीच्या काळात परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाच्या पेटीतून येत, आणि ग्राहकोपयोगी वस्तूंवरचे शेवटचे आयात-निर्बंध २००१ मध्ये उठल्यावर हळूहळू दुकानांतून आणि कुरिअरने येऊ लागली. जकातीच्या दृष्टीने प्रमाणबद्ध नमुने खेळण्यांतच मोडतात. त्यांवरचे मूळ आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के झाले. एवढ्या किमतीचा डबा उघडून आत वाकलेली बॉडी निघाली, तर ती परत पाठवण्यापेक्षा सरळ करणे शहाणपणाचे ठरते. दुरुस्तीची विद्या येथे हौसेपेक्षा गरजेतून वाढावी, हे साहजिक आहे.

पॉलिस्टायरिन कालांतराने वाकत नसले तरी जन्मताना वाकू शकते. वितळलेले प्लॅस्टिक मोठ्या दाबाने पोलादी साच्यात भरले जाते आणि निवताना ते हजारी चार ते सात भाग आकसते. साडेचार मीटरच्या मोटारीची १:२५ प्रमाणातली बॉडी १८० मिलिमीटर भरते, म्हणजे तिचे आकसणे सुमारे एक मिलिमीटर. साचा बनवणाऱ्याने हे धरलेले असते. पण दाराखालचा जाड उंबरठा सावकाश निवतो आणि पातळ छत चटकन निवते, त्यामुळे आत ताण कोंडून राहतो. उत्पादन वाढवण्यासाठी भाग पुरता निवण्याआधीच साच्याबाहेर काढला, तर तो ताण लगेच वाक बनून प्रकट होतो. लांब, सपाट आणि एका बाजूने उघडे भाग यात आधी सापडतात. चेसिस, बॉनेट आणि छताला धरणारे समोरच्या काचेचे बारीक खांब ही नेहमीची ठिकाणे. मग डब्यात भाग घट्ट कोंबलेले असतात आणि डबा उन्हातल्या बंद गाडीतून प्रवास करतो. परभणी जिल्ह्यात मे महिन्यात पारा सहज ४२ अंशांच्या पुढे जातो आणि बंद मोटारीच्या काचेमागे ७० अंशांच्याही वर. पॉलिस्टायरिन १०० अंशांच्या आसपास पूर्ण मऊ होते, पण दाबाखाली असेल तर त्याच्या बरेच आधी हलू लागते.

या आकड्यांतच इलाज दडलेला आहे. छंदाच्या सुरुवातीपासून चालत आलेली मुख्य रीत गरम पाण्याची. पाणी ६० ते ७० अंशांवर आणायचे, म्हणजे हात घालवत नाही पण उकळीही नाही. भाग अर्धा मिनिट ते मिनिटभर बुडवायचा, बाहेर काढून बोटांनी सरळ रेषेच्या किंचित पलीकडे वाकवायचा आणि तसाच धरून गार पाण्यात न्यायचा. पहिल्या फेरीत वाक निम्मा गेला तरी पुरे. दोन-तीन फेऱ्या कराव्या. घाईने उकळते पाणी वापरण्याचा मोह धोक्याचा आहे. समुद्रसपाटीपासून चारशे मीटरांच्या आतबाहेर असलेल्या या भागात पाणी ९९ अंशांच्या जवळ उकळते, म्हणजे प्लॅस्टिक मऊ होण्याच्या अगदी उंबरठ्यावर. त्या तापमानाला साच्यात कोंडलेला जुना ताण एकदम सुटतो आणि पातळ भाग आकसून गोळा होऊ लागतो. भट्टी, गॅस आणि हेअर ड्रायर यांचे मोजमाप राहत नाही, म्हणून जाणकार त्यांच्यापासून दूर राहतात. पाण्याचा गुण असा, की ते भागाला सगळीकडून सारखे तापवते.

थंड अवस्थेत जोर लावणे ही सर्वांत मोठी चूक. पॉलिस्टायरिनवर आधी पांढरी रेघ उमटते, ती आतल्या भेगांची खूण असते, आणि पुढच्या क्षणी तुकडा हातात येतो. पारदर्शक काचा तर याच पदार्थाच्या अधिक ठिसूळ जातीच्या असतात. त्यांना कोमट पाण्यापुढे नेऊ नये. चकचकीत बंपरवर ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ थर निर्वात यंत्रात चढवलेला असतो आणि गरम पाण्याने तो मंद पडू शकतो, म्हणून बंपर शक्यतो जोडतानाच वळणावर आणतात.

जोडतानाच वाक काढणे ही दुसरी रीत आणि मोठ्या भागांसाठी तीच अधिक भरवशाची. चेसिस सपाट जाड काचेवर ठेवायची, सरळ असलेल्या टोकाला डिंक लावून ते बॉडीला चिकटवायचे, वाळू द्यायचे आणि मग पुढचा दीड-दोन इंच घ्यायचा. प्रत्येक टप्प्यावर चिकटपट्टी आणि चिमटे. पॉलिस्टायरिनचा डिंक वरचा थर विरघळवून दोन्ही भागांचे एकच अंग करतो, म्हणून वाळल्यावर सरळ भाग वाकड्याला धरून ठेवतो. धाव पाट्यांना धरते तसे. काही जण चेसिसच्या आतल्या, न दिसणाऱ्या बाजूला पितळेची चौकोनी सळई चिकटवतात.

रेझिनच्या किटची कथा थोडी वेगळी. १९८० च्या दशकात जपानमध्ये छोट्या खोल्यांतून, रबरी साच्यांत, पॉलियुरेथेन रेझिन ओतून नमुने बनू लागले. त्यांचे पातळ भाग साच्यातून काढल्यावर घरी पोचेपर्यंत वाकतात, पण ते सरळही लवकर होतात. गरम पाण्यातून काढलेला रेझिनचा भाग सपाट फरशीवर ठेवला, की बहुतेक वेळा स्वतःच्या वजनाने बसतो. हल्लीच्या त्रिमितीय छपाईतल्या भागांचा वाक असा सहज जात नाही, कारण प्रकाशाने घट्ट झालेले रेझिन पुन्हा मऊ होत नाही. ते थोडे लवचिक होते इतकेच. त्यासाठी छापतानाच आधाराचे खांब योग्य जागी द्यावे लागतात आणि धुतल्यावर भाग पुरता वाळेपर्यंत अंतिम प्रकाश द्यायचा नसतो.

सरळ केलेला भाग सरळ राहणे हे साठवणीवर अवलंबून असते.  या भागात पत्र्याच्या छपराची घरे आहेत. अशा छपराखालच्या माळ्यावर मे महिन्यात किट ठेवू नये. डबा आडवा, खालच्या खोलीत, भिंतीपासून दूर ठेवावा आणि त्यावर दुसरे वजन चढवू नये. बॉडीच्या आत कागदाचा सैल बोळा भरला, की छताला खालून आधार मिळतो. मऊ विनाइलचे टायर चाकांपासून आणि काचांपासून वेगळ्या पिशवीत ठेवावेत. त्यांतला प्लॅस्टिसायझर पॉलिस्टायरिनला स्पर्श करून त्यात खड्डा पाडतो, आणि तो खड्डा गरम पाण्याने भरून येत नाही. तेथे लांबी भरून, वाळवून, पाणकागदाने घासूनच काम भागवावे लागते.